शास्त्रज्ञांचे एकमत कसे होते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विद्वान वक्ता बोलवावा असा आपला रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण मजकडून करू नये. मी तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले आणि त्याहून अधिक वर्षे संसार केला. दोन्हीकडे मला एकच प्रश्न पडत आला, तो आज आपणापुढे मांडते. ‘सगळे शास्त्रज्ञ असेच म्हणतात’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. ते सगळे एकमताला आले कसे? प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहिले आणि मग जुळले, की एकाने म्हटले आणि बाकीच्यांनी मान डोलावली?

प्रश्न मोठा वाटेल, पण सुरुवात आपल्या सहलीपासून करू. दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात सहलीचे ठिकाण ठरवावयाचे होते. आपल्यांतील एका वडीलधाऱ्या काकूंनी ‘महाबळेश्वर’ म्हटले. ‘हात वर करा’ म्हणताच सगळे हात वर गेले. ठराव एकमताने मंजूर झाला असे इतिवृत्तात लिहिले गेले. पुढे बसमध्ये गप्पा निघाल्या तेव्हा कळले की, निम्म्याहून अधिक जणींचे महाबळेश्वर दोनदा पाहून झाले होते आणि पुष्कळजणींना लोणारचे सरोवर पाहावयाचे होते. काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या, “अगं, मी आपलं सुचवून पाहिलं. तुम्ही सगळ्या हो म्हणालात, म्हणून मला वाटलं तुम्हांलाच जायचंय!” आपण सर्वजणी पोट धरून हसलो. त्या दिवशी इतिवृत्तात एकमत होते, पण ते मत कोणाचे होते हे सांगणे कठीण.

माणूस असे का करतो, हे अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास तपासून पाहिले. एका खोलीत काही तरुण बसविले. त्यांना एक रेघ दाखवावयाची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्या लांबीची कोणती ते विचारावयाचे. लहान मुलालाही जमेल असे हे काम. परंतु खोलीतील एकजण सोडून बाकी सर्वांना आधीच पढवून ठेवलेले होते. ठराविक वेळी ते सगळे ठासून चूक उत्तर देत. मग त्या एकाची पाळी येई. बहुतेक वेळा त्याने डोळ्यांना दिसले तेच सांगितले, हे आधी ध्यानात घ्या. तरीपण अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एकतृतीयांश उत्तरे घोळक्याच्या बाजूची होती, आणि चारांपैकी तिघे निदान एकदा तरी घोळक्यामागे गेले. याच प्रयोगातील आणखी दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहावयास दिले तर चुका पुष्कळ कमी झाल्या. आणि खोलीत खरे बोलणारा दुसरा एक जरी साथीदार मिळाला, तरी त्या एकट्याला धीर येई.

आपण म्हणाल, हे सामान्य माणसांचे झाले. शास्त्रज्ञ तर सूक्ष्मदर्शकातून मोजून सांगतात. तेथे भिडेला जागा कोठली? म्हणून मी आपणांस मोजणीचीच एक गोष्ट सांगते.

आपल्या शरीरातील पेशींत गुणसूत्रे नावाचे बारीक धागे असतात. आईबापांकडून मुलांना जे येते ते त्यांतून येते. माणसाच्या पेशीत असे धागे किती? अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात थिओफिलस पेंटर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे ताटातील शेवयांसारखे एकमेकांवर पडलेले दिसत, त्यामुळे मोजणे महाकठीण. 1921 साली पेंटर यांनी लिहिले की, जेथे चित्र सर्वांत स्वच्छ दिसले तेथे 46 च मोजता आले. पण 46 की 48 हा निर्णय त्यांच्याने होईना. अखेर 1923 साली त्यांनी 48 हा आकडा दिला, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगभर 48 च छापले गेले. पुष्कळांनी नंतर मोजले. त्यांनाही 48 च सापडले!

हे कसे घडले असेल? धोब्याचे कपडे आल्यावर आपण काय करतो ते आठवा. वहीत 24 लिहिलेले असतात. मोजून 23 भरले तर आपण पुन्हा मोजतो, पलंगाखाली पाहतो, उशीच्या अभ्र्यात रुमाल अडकला आहे का ते झटकून पाहतो. पण 24 भरले की वही मिटतो. त्यात शेजारणीचा एखादा टॉवेल आला असेल आणि आपला एक राहिला असेल, तर कोण पाहते? आकडा जुळला नाही तरच आपण फिरून मोजतो. शास्त्रज्ञांचेही तसेच झाले. वहीत 48 होते. 46 आले की वाटे, दोन कोठेतरी दडले आहेत. मग एखादा वाकडा धागा दोन धरावयाचा. 48 झाले की हात थांबे. यात लबाडी कोणीच केली नाही. 1952 साली टेक्सासमध्येच टी. सी. श्यू यांना पेशी फुगवून धागे सुटे करण्याची उत्तम युक्ती सापडली. आता चित्र स्वच्छ झाले. तरी त्यांनीही 48 च लिहिले.

अखेर 1955 च्या डिसेंबरात, स्वीडनमधील लुंड या गावी, जावात जन्मलेले जो हिन त्जिओ यांनी अल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा मोजणी केली. आकडा 46 आला. 1956 साली दोघांनी तो प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखातील एक बारीकशी नोंद मला फार मोलाची वाटते. स्वीडनमध्येच ईव्हा हान्सेन-मेलांडर ही संशोधक बाई आणि तिचे दोन सहकारी यांनी त्याआधी गर्भाच्या यकृताच्या पेशी तपासल्या होत्या. त्यांना 46 च दिसत होते. परंतु ‘सगळे 48 सापडत नाहीत’ म्हणून त्यांनी ते काम बाजूला ठेवून दिले होते. भगिनींनो, खरे उत्तर त्यांच्या हातात होते! ते जगाशी जुळेना, तेव्हा आपल्याच हातून काही चुकले असेल असे त्यांना वाटले.

दोन धाग्यांचा फरक, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण 46 हा आकडा पक्का झाला, म्हणूनच 1959 साली पॅरिसमध्ये दाखविता आले की, ज्याला आपण डाऊन सिंड्रोम म्हणतो त्या मुलांच्या पेशीत 47 गुणसूत्रे असतात. त्या कामासाठी पेशी वाढविण्याची खटपट मार्त गोतिए या स्त्री-डॉक्टरने केली होती. तिला श्रेय मिळावयास पुष्कळ वर्षे गेली, ही गोष्ट वेगळी. मुलाला असे का झाले, आईने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, असे विचारणाऱ्यांना देण्यासारखे उत्तर प्रथमच मिळाले. मुळात मोजणीच चुकीची असती, तर एक जास्त आहे हे कशावरून कळते?

आता जी गोष्ट सांगावयाची ती माझ्या घरची आहे. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

माझे लग्न 1973 साली झाले. मी बी.एस्सी. होऊन सासरी आले. लग्नानंतर वर्षभरातच मामंजींना पोटदुखी सुरू झाली. बेरियम पाजून क्ष-किरण फोटो काढला, आतड्याच्या सुरुवातीला व्रण निघाला. डॉक्टरांनी सांगितले, तिखट बंद, दूध घ्या, काळजी करू नका, रागावू नका. त्या काळी सगळेच डॉक्टर असे सांगत. घरात मात्र त्याचा अर्थ एकच झाला: सुनेचा हात तिखट. माझ्या माहेरी तिखट जास्त खातात हे सर्वांना ठाऊक होते. आल्यागेल्याजवळ सासूबाई म्हणावयाच्या, “आमच्या घरी असं दुखणं कुणाला नव्हतं हो.” मी मिरचीचा डबाच फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. पाच वर्षे घरात दूधभात आणि फिकी आमटी. दुखणे काही थांबले नाही. 1979 साली मामंजींच्या पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आणि जठराचा काही भाग काढून टाकावा लागला. त्यानंतर ते कधीच भरल्या ताटावर बसले नाहीत. 1988 साली ते गेले.

मला जे सांगावयाचे आहे ते पुढेच आहे. त्या पाच वर्षांत मी एक गोष्ट रोज पाहत होते. मामंजींचे पोट जेवणानंतर दुखत नसे. ते दुखे रिकाम्या पोटी, रात्री दोनच्या सुमारास. आणि चार घास खाल्ले की थांबे. एकदा शेजारी मुंजीच्या जेवणाला जाऊन ते चांगली झणझणीत उसळ खाऊन आले आणि त्या रात्री शांत झोपले. मी हे पाहिले. मी शास्त्राची पदवीधर. ‘तिखटाने दुखते तर तिखट खाल्ल्यावर का थांबले?’ हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण डॉक्टर म्हणतात, सासूबाई म्हणतात, शेजारी म्हणतात, मासिकांत छापून येते. तेव्हा माझेच पाहण्यात काही चुकत असेल असे म्हणून मी गप्प बसले. त्या स्वीडनच्या बाईची गोष्ट पुढे वाचली तेव्हा मला तिचा राग आला नाही.

इकडे आमच्या घरी दूधभात चालला होता तेव्हा, 1979 साली, ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरच्या रॉबिन वॉरन नावाच्या डॉक्टरांना जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. जठरातील आम्लात जंतू जगतच नाहीत, असे तेव्हा सर्वजण मानीत. वास्तविक ते त्याआधी अनेकांना दिसले होते. 1940 साली बोस्टनमध्येही असे जंतू पाहिल्याचे प्रसिद्ध झाले होते. पण 1954 साली अमेरिकेतील पामर यांनी हजाराहून अधिक रुग्णांचे जठर तपासून जंतू नाहीत असे सांगितले, आणि वही मिटली. त्यांनी ज्या रंगाने ते तुकडे रंगविले त्यात हे जंतू नीट दिसतच नाहीत, याचा विचार कोणी केला नाही. ग्रीसमध्ये लिकूडिस नावाचे एक साधे डॉक्टर 1958 पासून अशा रुग्णांना जंतुनाशक औषधे देत होते. त्यांचा लेख कोणी छापला नाही, आणि 1968 साली त्यांना चार हजार द्राख्मा दंड झाला.

वॉरन यांनाही कोणी दाद देत नव्हते. त्यांच्या पत्नी विन मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी धीर दिला. 1981 साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. ॲशच्या खोलीतला दुसरा साथीदार तो हाच! दोघांनी शंभर रुग्ण तपासले. जंतू वाढविण्याचे प्रयत्न तीस-चौतीस वेळा फसले. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे एक बशी नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिली, आणि तीत जंतू वाढलेले दिसले. 1983 साली तेथील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने मार्शलचा निबंध वाचावयाससुद्धा घेतला नाही. 1984 साली त्याने स्वतःच ते जंतू पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. तोंडाला वास येतो आहे हे त्याच्या आईच्या लक्षात आले, आणि आता औषध घ्या असा हट्ट बायकोने धरला. आयांची आणि बायकांची नजर कोठे पोहोचते पाहा!

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. ज्यांनी शंका घेतली ते सगळेच हेकट नव्हते. मार्शलला सूज आली होती, व्रण नव्हे. आणि एका माणसावरून सगळ्यांचे ठरत नाही. पुढे निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवर ही औषधे देऊन पाहिली. जंतू गेले की व्रण पुन्हा होत नाही असे ठिकठिकाणी दिसून आले. 1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, असे जंतू असलेल्या व्रणाच्या रुग्णांना जंतुनाशक द्यावे, असे ठरले. 2005 साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण जाणतो की, असे बहुतेक व्रण या जंतूंमुळे किंवा दुखणे थांबविण्याच्या काही गोळ्यांच्या अतिवापरामुळे होतात. तिखटाने काहींची जळजळ वाढते, पण व्रणाचे मूळ ते नव्हे.

1998 साली माझ्या धाकट्या भाऊजींना तीच पोटदुखी सुरू झाली. दुर्बीण घालून तपासले, जंतू निघाले. दोन आठवडे गोळ्या घेतल्या आणि ते बरे झाले. डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर त्या पाटावर बसून खलबत्त्यात मिरच्यांचा ठेचा कुटीत होत्या. माझ्या ताटात त्यांनी तो आपल्या हाताने वाढला. पंचवीस वर्षांचे आमचे बोलणे त्या एका वाढण्यात झाले.

भगिनींनो, याचा अर्थ असा नव्हे की, शास्त्रज्ञांचे ऐकू नये. तसे म्हणणारे लोक आज घरोघर मोबाईलवर येतात. ‘डॉक्टर हे तुम्हांला सांगणार नाहीत’ असे म्हणून काढे आणि उपाय पाठवितात. एकट्याचे मत म्हणजे खरे मत, असे समजणे ही तर त्याहून मोठी चूक. शंभर एकट्यांपैकी एखादाच मार्शल निघतो. आणि तो तरी खरा ठरला तो एकटा होता म्हणून नव्हे, तर इतरांनी आपापल्या ठिकाणी तपासले आणि त्यांना तेच सापडले म्हणून. 46 चा आकडाही असाच पक्का झाला. त्याच 1956 साली इंग्लंडमध्ये फोर्ड आणि हॅमर्टन यांनी निराळ्या पेशी घेऊन मोजले, तेव्हा तोच आकडा आला.

एकमताची किंमत डोक्यांवरून करू नये, डोळ्यांवरून करावी. हजार डोकी एकाच डोळ्याने पाहत असतील तर ते एकच मत. चार माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रीतीने, एकमेकांना न विचारता पाहिले आणि ते जुळले, तर ते चारच पण भारी. म्हणून ‘सगळे असे म्हणतात’ हे ऐकले की आपण दोन प्रश्न विचारावेत. यांपैकी स्वतः पाहिले किती जणांनी? आणि ज्याला निराळे दिसले, त्याला बोलावयास जागा होती का?

शास्त्रज्ञ आता यासाठी युक्त्या योजतात. औषधाच्या परीक्षेत कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला नुसती गोळी, हे तपासणाऱ्यालाही कळू देत नाहीत, म्हणजे मनातला आकडा हाताला ओढीत नाही. आपल्यालाही हे न जमण्यासारखे काय आहे? माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. यापुढे मंडळात काही ठरवावयाचे असेल तर आधी प्रत्येकीने चिठ्ठीवर आपले मत लिहावे. मग बोलताना सर्वांत नव्या सभासद बाईने प्रथम बोलावे आणि आम्ही म्हाताऱ्यांनी शेवटी. हात वर करावयाचे ते त्यानंतर. घरीही तसेच. सून, मुलगी, कामाला येणारी बाई, कोणी म्हणाली, “मला जरा वेगळंच दिसतंय,” तर तिला वाक्य पुरे करू द्यावे. कदाचित ती चुकत असेल. पण 46 मोजून गप्प बसलेली एखादी बाई आपल्याही घरात असू शकते.

यंदाच्या सहलीच्या चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर ठेविल्या आहेत. शेजारणीच्या चिठ्ठीत डोकावू नये, एवढी सूचना करून आपली रजा घेते.